दुरुस्ती कोणाची? मुंबईतल्या भाड्याच्या घराची गोष्ट



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला, नोकरी मात्र संगणकातली. म्हणजे पोटापुरता शहाणा. (हशा) म्हणाला, "सर, डोंबिवलीत एक वन बीएचके बघितलाय. बिल्डिंग चाळीस वर्षांची आहे, म्हणून स्वस्तात मिळतोय. थोडं रिनोव्हेशन करतो आणि भाड्याने देतो. भाड्यातून हप्ता जाईल. तुम्हीही एक घेतला होतात ना? अनुभव कसा आहे?" मी म्हटलं, "अरे, याचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल." तो म्हणाला, "सर, मला शुक्रवारी टोकन द्यायचंय."

त्याला मी फोनवर जे काही सांगितलं ते सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. घर विकत घ्यायचं, ते नीट करायचं, दुसऱ्याला राहायला द्यायचं आणि त्याच्या भाड्यावर आपण जगायचं, हा व्यवहार दिसायला साधा आहे. मुंबई शहराचा बराचसा भाग याच व्यवहारातून उभा राहिला आणि हाच व्यवहार बिघडल्यामुळे त्याचा बराचसा भाग टेकूंवर आला. तर आज त्याबद्दल बोलू. मी इतिहासाचा माणूस नाही, हे आधीच सांगतो. पण मी गिरगावातल्या चाळीत जन्मलो आणि आज एका फ्लॅटचा घरमालक आहे. म्हणजे खटल्यातले दोन्ही पक्ष माझ्याच घरातले आहेत.

चाळ म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो, गच्चीवरचं कोजागिरीचं दूध आठवतं, पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' आठवते. चाळीबद्दल आपण नेहमी भाडेकरूच्या बाजूने बोलतो, कारण लिहिणारे सगळे भाडेकरू होते. मालकांनी आठवणी लिहिल्या नाहीत, वह्या लिहिल्या. आता त्या मालकाच्या बाजूने जरा बघू या. त्याच्या दृष्टीने चाळ ही गुंतवणूक होती. आज कोणी म्युच्युअल फंड घेतो, तशी.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणी काढली आणि मागोमाग गिरण्या वाढत गेल्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार चालला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती, ती १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली. इतका तो तडाखा होता. पण ज्याच्याकडे पैसा उरला त्याने एक धडा घेतला. कागदापेक्षा विटा बऱ्या. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत आणि गोदीत येतच होती. त्यांना गिरणीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर डोकं टेकायला जागा हवी होती. व्यापारी, दलाल, गिरण्यांचे जॉबर, धर्मादाय संस्था, अगदी साठवलेल्या पैशावर म्हातारपण काढू पाहणारे पेन्शनरसुद्धा चाळी बांधायला किंवा विकत घ्यायला लागले.

चाळीची रचना बघा. सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटा आणि चुना, वर मंगलोरी कौलं. लांबलचक गॅलरी, तिला लागून दहा बाय बाराच्या खोल्या, टोकाला नळ आणि संडास. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त दारं! कारण भाडं दाराला मिळतं, हवेला मिळत नाही. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतली सुमारे ६९ टक्के माणसं एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. कोणी नगररचनाकाराने बसून हे ठरवलं नव्हतं. हजारो मालकांनी आपापला हिशेब केला, त्याची ही बेरीज आहे.

आता माझा मुद्दा येतो. हा मालक लोभी असेल, पण तो दुरुस्ती करत होता. दरवर्षी मृगाच्या आधी कौलं परतायची, गॅलरीचा कठडा कुजला तर बदलायचा, दोन-चार वर्षांनी सफेदी करायची. हे तो भूतदयेने करत नव्हता. खोली गळली तर भाडेकरू शेजारच्या चाळीत जाईल, गेला तर महिन्याचं भाडं बुडेल, म्हणून करत होता. दुरुस्तीचा खर्च आणि भाड्याचं उत्पन्न एकाच वहीत समोरासमोरच्या पानांवर होतं. ही वही लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा ही दोन पानं एकमेकांपासून फाटली त्याची आहे.

अर्थात हा स्वार्थ पुरेसा होता असं मुळीच नाही. १८९६ मध्ये प्लेग आला आणि या गुंतवणुकीचं दुसरं रूप उघडं पडलं. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसं मरायला लागली. सरकारी पथकं चाळीत शिरत, कौलं काढून ऊन आत सोडत, भिंतींना चुना फासत. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली जात. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले आणि चाळी बांधल्या, पण जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. १९२० नंतर सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. सरकारलाही घरमालक होणं सोपं गेलं नाही, एवढंच इथे नोंदवतो आणि पुढे जातो.

पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, बांधकाम थांबलं आणि मालकांनी भाडी भराभर वाढवली. भाडेकरूने काय करावं? जवळपास दुसरी खोलीच नाही. अशा वेळी, १९१८ मध्ये, मुंबईत भाडं नियंत्रणाचा पहिला कायदा आला. युद्धापुरता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तसेच कायदे पुन्हा आले, तेही तात्पुरते. मग स्वातंत्र्य मिळालं, फाळणी झाली, निर्वासित आले, शहर फुगलं आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. तो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याचा गाभा एका तारखेत होता. १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं ते प्रमाण भाडं. त्यावर कर वगैरेंची परवानगी असलेली वाढ तेवढी घ्यायची. आणि भाडं देणाऱ्या भाडेकरूला, कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज, घराबाहेर काढायचं नाही. हाही कायदा काही वर्षांपुरताच होता. त्याची मुदत वाढत गेली, वाढत गेली, पन्नास वर्षं वाढत गेली.

हा विचार विलायतेतून आला असं कोणी म्हणेल, तर थोडं थांबा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात भाड्याच्या घराचे नियम आहेत. निघ म्हटल्यावर न निघणाऱ्या भाडेकरूला दंड आहे. आणि भाडं देणाऱ्या भाडेकरूला विनाकारण बाहेर काढणाऱ्या मालकालाही दंड आहे. मारहाण, चोरी वगैरे कारणं असतील तर मात्र काढता येतं. भाडेकरू आपणहून निघाला तर वर्षाचं उरलेलं भाडं त्याने द्यायचं. बघा, दोघांनाही बांधलंय. भाडं मात्र कौटिल्याने गोठवलं नाही. तो हिशेबी माणूस होता. (हशा)

आता हिशेबच करू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा चाळीस खोल्यांची चाळ आहे आणि १९४० साली खोलीला दहा रुपये भाडं आहे. वर्षाचे ४,८०० रुपये झाले. कर, पाणी, झाडलोट, मेहताजीचा पगार वजा जाता निम्मे उरतात असं धरू. २,४०० रुपये. १९४० साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ३६ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे मालकाच्या हातात वर्षाला साडेसहाशे ग्रॅम सोन्याइतकी मिळकत होती. १९८० मध्ये सोनं १,३०० रुपयांच्या आसपास गेलं. तेच २,४०० रुपये आता जेमतेम अठरा ग्रॅम सोन्याचे झाले. आणि इथे मी कर, पगार काहीच वाढलं नाही असं धरलंय! गवंड्याची मजुरी, सागाचा भाव, सिमेंट हे सगळं चालू भावाने आणि भाडं मात्र १९४० च्या भावाने. वहीचं एक पान पुढे गेलं, एक तिथेच राहिलं. दुरुस्तीचं कर्तव्य कायद्याने मालकावरच ठेवलं होतं. पण ज्या कर्तव्याचा खर्च कुठूनच निघत नाही, ते कर्तव्य कागदावर राहतं. मालकाने कौलं परतणं बंद केलं.

आता आमच्या घरात या. वडिलांनी १९४६ मध्ये गिरगावात खोली घेतली. भाडं १६ रुपये ८ आणे. मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा सगळ्या वाढींसकट ते पस्तीस-चाळीस रुपये होतं. म्हणजे माझ्या महिन्याच्या रिक्षा-बसला त्याहून जास्त लागत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेहताजी यायचे. हातात पावतीपुस्तक, काखेत छत्री, धोतराचा सोगा वर खोचलेला. आई दरवेळी सांगायची, "मेहताजी, मोरीच्या कोपऱ्यात पाणी मुरतंय हो." आणि मेहताजी दरवेळी म्हणायचे, "शेठना सांगतो." शेठ आम्ही कधी पाहिले नाहीत. आम्हां मुलांना वाटायचं की शेठ हा देवासारखा प्रकार असावा, तक्रार पोचते पण उत्तर येत नाही.

पण आमची खोली आतून कशी होती ते ऐका. १९६४ मध्ये वडिलांनी पोटमाळा केला. १९७२ मध्ये शहाबादी फरशी काढून मोझॅक लाद्या बसवल्या. नंतर गॅसचा ओटा झाला, मोरीला पांढऱ्या टाइल्स लागल्या, गॅलरीतला आमच्या दारासमोरचा तुकडा लोखंडी जाळीने बंद करून तिथे माझं टेबल आलं. हे सगळं भाडेकरूने केलेलं नूतनीकरण! शेजारी-पाजारी सगळीकडे हेच. कोणी प्लायवूडचं कपाट भिंतीत घातलं, कोणी छताला नक्षीचं पीओपी केलं. दाराच्या आत प्रत्येकाने आपापला संसार सजवला आणि दाराच्या बाहेर जिन्याची पायरी निखळली तर ती महिनोन्‌महिने तशीच. पोटमाळ्याचं आणि लाद्यांचं जादा ओझं ज्या तुळयांवर पडत होतं, त्या तुळयांच्या टोकांना वाळवी लागली होती. ती टोकं भिंतीत होती. भिंत मालकाची.

मी आयुष्यभर वर्गात मालकी आणि उपभोग यांतला फरक शिकवला. लॉक शिकवला, की श्रम मिसळले म्हणजे वस्तू आपली होते. आमच्या खोलीत पन्नास वर्षं आमचे श्रम मिसळले होते, मग ती आमची नाही का? आणि मिल शिकवला. त्याने १८४८ च्या ग्रंथात दाखवलं की समाज वाढतो तशी जमीनदाराची संपत्ती आपोआप वाढते, त्यासाठी त्याला कष्ट, जोखीम, काटकसर काही लागत नाही. हे सगळं मी भाडेकरूच्या मुलाच्या उत्साहाने शिकवलं. मिलचं तेच वाक्य भाडेकरूलाही लागू पडतं हे मात्र मला फार उशिरा कळलं.

कारण पागडी. कायद्याने भाडं गोठलं, पण जागेची किंमत गोठली नाही. भाडं चाळीस रुपये आणि जागेची खरी किंमत लाखांत, या दोन आकड्यांमधली दरी कोणाच्या तरी खिशात जाणारच होती. १९४७ च्या कायद्याने भाडेकरूकडून अशी रक्कम घेणं हा गुन्हा ठरवला होता. आणि तरीही सगळी मुंबई पागडीवर चालत होती. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख घ्यायचा, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा, मालक नव्याच्या नावाची पावती फाडायचा. कागदावर काहीच घडलं नाही, पावतीवरचं नाव तेवढं बदललं. म्हणजे मालकाची कमाई आता भाड्यात नव्हती, भाडेकरू बदलण्यात होती. अशा मालकाने जिना कशासाठी दुरुस्त करायचा?

आई १९९४ मध्ये गेली. त्याच खोलीत. पुढच्या वर्षी आम्हां भावांनी खोली पागडीने दिली. पैसे रोख मिळाले, एका कापडी पिशवीत. माझ्या वाट्याला जे आले त्यातून मी ठाण्यातल्या आमच्या राहत्या घराचं कर्ज फेडलं. त्या वर्षी मी एम. ए.च्या वर्गाला कांटचं नीतिशास्त्र शिकवत होतो. तुमचं वर्तन सर्वांसाठी नियम होऊ शकेल का, हे तपासून बघा असं तो म्हणतो. मी तपासलं. मुंबईत तो नियम झालेलाच होता. (हशा) तुम्ही हसताय, मीही तेव्हा हसण्यावारीच नेलं. पण ती पिशवी मी विसरलेलो नाही.

इमारती मात्र हसण्यावारी नेत नव्हत्या. साठच्या दशकात पावसाळ्यात चाळी कोसळण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९६९ मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवायचा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची. उपकरप्राप्त इमारती ठरल्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुन्हा तीच तारीख! पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. योजना प्रामाणिक होती. भाडेकरू आणि मालक दोघेही दुरुस्ती करत नाहीत ना, मग तिसरा करेल. पण एका इमारतीवर किती खर्च करायचा याला मर्यादा होती आणि उपकराचा पैसा गरजेच्या मानाने तुटपुंजा होता. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बहुधा टेकू. आमच्या वाडीत १९७८ मध्ये टेकू लागले ते तात्पुरते म्हणून. त्यांच्यावर आम्ही कपडे वाळत घालायचो. नंतर पोरांनी त्यांवर क्रिकेटच्या यष्ट्या आखल्या.

३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. शंभरहून जास्त वर्षांची इमारत. तिथल्या कितीतरी घरांत आतून छान लाद्या आणि रंग असणार, जसे आमच्या घरात होते. असं काही झालं की वर्तमानपत्रं 'दोषी कोण' असा मथळा देतात. मालकाला विचारा, तो भाड्याची पावती दाखवेल. भाडेकरूला विचारा, तो मालकाकडे बोट दाखवेल. मंडळाला विचारा, ते नोटिशीची प्रत दाखवतील. तिघांचेही कागद खरे असतात.

कायद्याचा आणखी एक परिणाम सांगायला हवा, कारण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तिथून जन्मतो. गोठलेल्या भाड्यासाठी नवी चाळ कोण बांधणार? भाड्याची घरं बांधणं जवळपास थांबलं आणि बांधणारे मालकीहक्काच्या फ्लॅटकडे वळले. १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा याच बदलाची पावती आहे. ज्यांच्याकडे जादा घर होतं त्यांनी 'भाडेकरू' हा शब्द टाळायला लीव्ह अँड लायसन्स काढलं, म्हणजे तू भाडेकरू नाहीस, नुसता परवानगीने राहतोस. १९७३ मध्ये दुरुस्ती आली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा जो राहत असेल तो भाडेकरूच मानला जाईल. ज्यांची घरं अशी अडकली ते हादरले, आणि ज्यांची अडकली नव्हती त्यांनी कुलपं लावली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी माहीमचा फ्लॅट एकोणीस वर्षं बंद ठेवला होता. दर रविवारी जाऊन खिडक्या उघडायचे, पंखा लावून बसायचे आणि परत यायचे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी निघाली. त्याला अनेक कारणं आहेत. ही भीती त्यांतली एक.

शेवटी न्यायालयाने तोंड उघडलं. डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी केल्या तेव्हा योग्य असतील, पण काळ गेल्यामुळे त्या आता मनमानी झाल्या आहेत. मला हा निकाल तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. नियम एका दिवशी न्याय्य असतो, त्यातलं एक अक्षरही बदलत नाही आणि तो अन्याय्य होतो. न्यायालयाने कायदा रद्द मात्र केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरवर्षी चार टक्के वाढ आली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे दीड रुपया! आणि पागडी कायदेशीर झाली. पाच वर्षांपूर्वी कापडी पिशवीत घेतलेली रक्कम आता चेकने घेता आली असती. लीव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत मिळवायला सोपी वाट मिळाली, करार नोंदवणं सक्तीचं झालं. कुलपं उघडायला लागली.

अशा उघड्या कुलपांच्या काळात मी मालक झालो. २००९ मध्ये निवृत्त झालो आणि मिळालेल्या पैशातून डोंबिवलीत एक जुना फ्लॅट घेतला. हो, डोंबिवलीतच. म्हणून तर पोराने मला फोन केला. किंमत १८ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली मिळून १ लाख ४० हजार. मग दुरुस्ती. माझा अंदाज होता लाखभराचा. पण भिंत फोडल्यावर आतले जस्ताचे पाइप गंजून चाळणी झालेले दिसले, वायरिंग जुनं ॲल्युमिनियमचं निघालं, संडासाच्या भांड्याखालून खालच्या घरात गळत होतं. वॉटरप्रूफिंग करणारा एकदा करून गेला, पहिल्या पावसात पुन्हा गळलं, दुसऱ्याकडून करून घेतलं. २ लाख २० हजार झाले. एकूण २१ लाख ६० हजार.

भाडं आलं महिना ७,०००. वर्षाचे ८४,०००. सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००, घरपट्टी ३,६००. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं, ७,०००. किरकोळ दुरुस्त्या ५,०००. हातात ५४,०००. गुंतवलेल्या रकमेवर बरोबर अडीच टक्के. बँकेतली मुदत ठेव तेव्हा मला याच्या तिप्पट देत होती. मी कर्ज काढलं नव्हतं म्हणून निभावलं. हप्ता असता तर भाड्यातून त्याचा निम्माही गेला नसता. मग लोक हे का करतात? कारण किमती वाढतील म्हणून. माझ्याही फ्लॅटची किंमत वाढली, नाही असं नाही. पण मग मी कोण झालो? जुन्या चाळीचा मालक भाड्यावर जगत होता, म्हणून त्याला कौलं परतावी लागत. पागडीचा मालक पावती बदलण्यावर जगत होता. आणि मी जगतोय जागेच्या भाववाढीवर. मिलने ज्याचं वर्णन केलं तोच मी, आणि माझा भाडेकरू मला 'सर' म्हणतो.

बाकी एक गंमत सांगतो. आपल्या प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के वजावट सरसकट मिळते, दुरुस्ती वगैरे गोष्टींसाठी. बिलं दाखवावी लागत नाहीत. दुरुस्ती करा किंवा करू नका, वजावट तेवढीच. म्हणजे वहीची ती दोन पानं अजूनही वेगळीच आहेत.

आता शेवटचा भाग. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत संपादित करून त्यांना द्यायची आणि मालकाला महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या शंभर पट रक्कम द्यायची. आमच्या खोलीचा हिशेब मी करून बघितला. मूळ भाडं धरलं तर १,६५० रुपये. गिरगावातल्या खोलीचे! मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि त्यातून प्रश्न उभा राहिला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) चा. समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं तिथे म्हटलंय, तर खासगी माणसाचं घर हे समाजाचं साधन आहे का? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. काही ठरू शकते. ते मालमत्तेचं स्वरूप, तिची टंचाई, समाजावरचा परिणाम अशा गोष्टी बघून ठरवावं लागेल.

तेहतीसेक वर्षं चाललेल्या खटल्यातून हे उत्तर आलं आणि मला ते पटतं. तरी एक प्रश्न मला सोडत नाही. १९४७ चा कायदा झाला नसता तर काय झालं असतं? इमारत कदाचित नीट राहिली असती. आम्ही तिच्यात राहिलो नसतो. वडील मुद्रणालयात जुळारी होते. बाजारभावाचं भाडं त्यांना एक वर्षही झेपलं नसतं. आम्ही कल्याणच्या पलीकडे कुठेतरी गेलो असतो, मी विल्सन किंवा एल्फिन्स्टनला चालत जाऊ शकलो नसतो आणि आज तुमच्यासमोर उभा नसतो. त्या अदृश्य शेठने, त्याच्या मनाविरुद्ध, माझ्या शिक्षणाची शिष्यवृत्ती दिली. हा खर्च समाजाने उचलायला हवा होता, तो कायद्याने एका माणसाच्या खिशातून वसूल केला आणि त्याने तो जिन्यातून, कठड्यातून, तुळयांतून वसूल केला. यातलं काय चुकलं असं विचारलं तर मी तारखेकडे बोट दाखवेन. भाडेकरूला संरक्षण देणं चुकलं नाही. १ सप्टेंबर १९४० हा दिवस पन्नास वर्षं संपू दिला नाही, ते चुकलं.

त्या विद्यार्थ्याने शुक्रवारी टोकन दिलं. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की आतल्या टाइल्स नंतर बघ, आधी गच्चीवर जा, पाण्याची टाकी बघ, बीमला तडे आहेत का ते बघ आणि सोसायटीकडे दुरुस्ती निधी किती साठलाय ते विचार. चाळीस वर्षांच्या इमारतीचा संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागून घे. त्याने टाइल्सचे फोटो पाठवलेत. छान आहेत.

आणि माझा भाडेकरू. नवराबायको दोघं नोकरी करतात, एक लहान मुलगी आहे. परवा त्या मुलीच्या आईचा फोन आला. "सर, बाथरूमच्या कोपऱ्यात पाणी मुरतंय." माझ्या तोंडून काय गेलं असेल? "बघतो." फोन ठेवला आणि मला मेहताजींची छत्री दिसली. पाचच मिनिटांत परत फोन लावला. प्लंबर गुरुवारी सकाळी येणार आहे, मीही जाणार आहे.

कोणाला काही विचारायचं असेल तर माइक मागे फिरवा.